अत्यावश्यक नाक

अत्तरवाल्यांचं नाक ही त्या रस्त्यावरची एक मान्यवर गोष्ट होती. म्हणजे रस्त्याला तसं वाटत नसेल, पण त्यांना स्वतःला वाटायचं, आणि ते इतकी वर्षं वाटत आलं होतं की रस्त्यानेही वाद घालणं सोडून दिलं होतं. दुकानात पाऊल टाकणारा माणूस कोणत्या साबणाने आंघोळ करून आलाय, त्याच्या कोटाच्या कपाटात डांबरगोळ्या आहेत की नाहीत, हे ते त्याला बसायला सांगण्याआधी सांगून टाकत. गिऱ्हाईक चाट पडे. बायको मात्र पडत नसे, कारण दुकान बंद झालं की ते नाक घरी यायचं.

"आज कांदा जरा जास्त तांबूस झाला वाटतं," ते दारातच चपला काढताना म्हणत.

"तुम्ही जिन्यात होतात तेव्हाच मला कळलं, आता तुम्हाला हे कळलं असणार," बायको म्हणे आणि ताट वाढी.

दुकान लहानसं होतं. समोर काचेचं कपाट, मागे तपकिरी बाटल्यांच्या फळ्या आणि त्याच्याही मागच्या खोलीत स्पिरिटचे पिंप. अर्क पातळ करायला स्पिरिट लागतं, त्याचा रीतसर परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला. फळीवरच्या बाटल्यांना लेबलं नव्हती. "लेबलं औषधवाल्यांना लागतात," असं ते म्हणत. बूच काढलं की त्यांना कळायचंच, आणि दुसऱ्या कुणाला कळायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. मिश्रणंही सगळी डोक्यात. भिंतीपलीकडे बूटवाल्याचं दुकान. तो सज्जन माणूस. त्याच्याकडून येणाऱ्या कातड्याच्या आणि गोंदाच्या वासावरून अत्तरवाले रोज एकदा तरी नाक मुरडत आणि त्याच्याच दुकानात बसून चहा पीत.

मग साथ आली. सगळं बंद झालं, आणि कोणती दुकानं उघडी राहणार ते जाहीर झालं. किराणा, औषधं, दूध, बँका. पुढे लोकांचे फारच हाल होऊ लागले तेव्हा दारूसुद्धा. अत्तर कुठेच नव्हतं.

"दारू अत्यावश्यक आणि अत्तर म्हणजे चैन!" अत्तरवाले बातम्यांकडे बघत कडाडले.

"दोन्हींत स्पिरिटच की," बायको म्हणाली. "कुठे ओतायचं एवढाच काय तो फरक."

ते घरी बसले. साथीत देशोदेशींच्या लोकांचे काय काय हाल झाले त्याच्या बातम्या रोज येत होत्या. दिवसभर घरात मोकळं असलेलं नाक सांभाळणाऱ्या बाईची बातमी मात्र कुणी दिली नाही. दूध उतू जायच्या बेतात आहे, ओट्याचं फडकं कुबट झालंय, वरच्या मजल्यावरच्यांनी आज पुन्हा मासे केलेत, सगळं तिला पलंगावरून कळवलं जाई. शेवटी तिनेच आपल्या धाकट्या भावाला फोन केला आणि म्हणाली, "यांच्यासाठी काहीतरी उद्योग शोध. नाहीतर माझ्यासाठी दुसरं घर शोध."

हा मेहुणा म्हणजे कल्पनांचा माणूस. त्याने विमा विकला होता, पाणी गाळायची यंत्रं विकली होती, मग जमिनीचे प्लॉट विकले होते. त्या जमिनीवर पुढे तळं निघालं, तेव्हा खचून न जाता त्याने 'तळ्याकाठचे प्लॉट' अशी नवी जाहिरात काढली होती.

"भाऊजी, स्पिरिटचे पिंप किती पडलेत तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"पडलेले नाहीत. ठेवलेत."

"लोक हात पुसायच्या बाटलीसाठी औषधांच्या दुकानात एकमेकांच्या उरावर बसतायत, आणि तुम्ही ठेवलेत! सॅनिटायझर करू या."

"मी सुगंध करतो. हात पुसायची औषधं करत नाही."

"तुम्ही सध्या काहीच करत नाही, भाऊजी."

हे खरं असल्यामुळे फारच लागलं. अत्तरवाल्यांनी एक दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी अट घातली की आपल्या हातून बाहेर पडेल त्याला सुवास असलाच पाहिजे. गुलाब, लिंबाची साल, थोडा देवदार. मेहुण्याने ताबडतोब होकार दिला, कारण पैशांची सोडून कोणत्याही अटीला होकार देणं त्याला कधीच जड गेलं नाही. ज्या कचेरीने दुकानाच्या पाटीची परवानगी द्यायला दोन उन्हाळे घेतले होते, तिने सॅनिटायझरची परवानगी जेवणाच्या सुट्टीआधी दिली. फक्त साहेबांनी घरच्यांसाठी दोन बाटल्या मागितल्या, त्याही लिंबाच्या.

दुकानावर 'अत्यावश्यक सेवा' असा फलक लागला. तो अत्तरवाले रोज सकाळी स्वतः पुसत. काठी घेऊन लोकांना घरी पिटाळणारा शिपाई त्यांना बघून बाजूला होऊ लागला. शेजारच्या बँकेचा मॅनेजर, ज्याने इतक्या वर्षांत दुकानाची पायरी चढली नव्हती, तो खडूच्या वर्तुळात उभा राहून आपल्या पाळीची वाट बघू लागला. पूर्वी लोक मनगटावर थेंब लावून विचार करायला घरी जात आणि तिकडेच राहत. आता ते कोपरापर्यंत चोळून घेत, आणि विचार कुणीच करत नव्हतं. पैसा असा यायला लागला की अत्तरवाल्यांना त्याचाही वास यायला लागला, आणि तो त्यांना नाव ठेवण्यासारखा वाटला नाही.

बूटवाल्याचं मात्र अवघड झालं. कुणी घराबाहेरच पडत नव्हतं, तर बूट कशाला घेईल? मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब टायबिय लावून कॅमेऱ्यापुढे बसत, पण टेबलाखाली चपलाच असत. दुकान उघडायची परवानगी नाही आणि भाडं मात्र चालू. शेवटी मेहुण्याने ते दुकान बाटल्या भरायला भाड्याने घेतलं, कर्ज काढून यंत्र आणलं, आणि बूटवाल्यालाच त्या यंत्रावर कामाला ठेवलं.

"वाऱ्यावर नाही सोडला त्याला," मेहुणा चारचौघांत सांगे. "त्याच्याच दुकानात त्याला नोकरी दिली."

अत्तरवाले पहिल्या दिवशी भिंतीपलीकडे गेले तेव्हा बूटवाला स्टुलावरून उठून उभा राहिला.

"उठतोस काय रे! बस."

"मालक आला की उठायचं असतं," बूटवाला म्हणाला. तो हसत होता की नाही, ते मास्कमुळे कळलं नाही. अत्तरवाल्यांना त्या दिवशी चहा गेला नाही. पुढे सवय झाली, आणि चहाही जाऊ लागला.

मेहुण्याने बाटलीवर त्यांच्या नाकाचं बाजूने काढलेलं चित्र छापलं आणि खाली लिहिलं, 'अनुभवी नाकाची हमी'. बायकोने ते बघितलं आणि बाटली नाक भिंतीकडे करून ठेवली.

मग ताप आला. अत्यावश्यक सेवा असली तरी जंतूंनी काही सवलत दिली नाही. ते घरातल्या मागच्या खोलीत पडून राहिले, बायको दाराशी ताट ठेवी आणि पलीकडून खोकल्याचा आवाज मोजल्यासारखा ऐकत बसे. दुखणं हलकं निघालं. ते बरे झाले, आणि पहिल्याच सकाळी दुकानात जाऊन गुलाबाची बाटली उघडली.

काहीच नाही.

बूटवाल्याने पाणी भरून ठेवलं असेल असं वाटून त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग मागच्या खोलीत जाऊन स्पिरिटच्या पिंपावर वाकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घसा जळला, पण वास आला नाही. ते तिथेच पिंपाला टेकून बसले. हात गेला असता, एखादा डोळा गेला असता, तर निदान माणसांत सांगता आलं असतं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. उलट दोन दोन मास्क लावून बसू लागले. मास्कचा नियम त्यांच्याइतका कसोशीने त्या रस्त्यावर कुणी पाळला नाही. पण नवीन घाण्यात सुवास किती घालायचा हे ठरवायची वेळ आली तेव्हा मेहुण्याला बाजूला घेऊन सांगणं भागच पडलं.

मेहुणा एवढं हसला की त्याचा मास्क घसरला. "अहो, एवढंच? मी तर घाबरलोच! वास महिन्यापूर्वीच बंद केलाय मी, भाऊजी. लोकांना गुलाब नकोय. गुलाबाचा वास आला की त्यांना वाटतं आतले जंतू मजेत असतील. दवाखान्यासारखा उग्र वास आला की पैसे वसूल वाटतात."

"मला विचारलं नाहीस ते?"

"तुम्हाला कळलं असेल असं वाटलं. रोज इथेच तर बसता."

"आणि बाटलीवरचं नाक?"

"ते राहू दे की. चित्राला कुठे वास घ्यायचाय?"

त्याच आठवड्यात वकिलीणबाई आल्या. वकीलसाहेब हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अत्तरवाल्यांनी त्यांच्यासाठी म्हणून एक मिश्रण केलं होतं, ते दुसऱ्या कुणाला कधी विकलं नाही. दर वेळी साहेब किमतीवर कोर्टात घालावी तशी हुज्जत घालत, जिंकत, आणि मग पूर्ण पैसे देत. साथीने त्यांना नेलं होतं. दवाखान्यात कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. घरी एक बंद पिशवी आली, तिच्यात चष्मा आणि कोट.

"सून म्हणते, कोटाला औषधांचाच वास येतोय," वकिलीणबाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या. "त्यांचं ते करून द्याल? तुमच्याशिवाय कोण करणार?"

कोण करणार, हा प्रश्न अत्तरवाल्यांनाही होता. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "उद्या घरी आणून देतो," असं त्यातून बाहेर पडलं.

त्यांनी फळीपुढे उभं राहून बघितलं. रिकाम्या बाटल्यांना जागा करताना बूटवाल्याने सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणे छान ओळीत लावल्या होत्या. बुटांची खोकी तो तशीच लावायचा. एकीवरही लेबल नाही. चंदन कुठलं, तंबाखूचा अर्क कुठला, काही पत्ता नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोला दुकानात बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "जरा बघ गं, हे चंदन आहे का?"

"नाक गेलंय ना तुमचं?"

"कोण म्हणालं?"

"दुखण्यातून उठल्यापासून माझ्या एकाही भाजीला तुम्ही नाव ठेवलेलं नाही. आधी वाटलं, सुधारलात."

"मग बोलली का नाहीस?"

"लग्नानंतर पहिल्यांदा सुखाने जेवत होते. कशाला बोलू?" ती म्हणाली. पण त्यांचा चेहरा बघितला, आणि स्टूल ओढून बसली. "द्या इकडे. काय ओळखायचंय?"

पहिली बाटली हुंगून ती म्हणाली, "छान आहे." दुसरीही छान होती. तिसरी फुलासारखी होती.

"कुठल्या फुलासारखी?"

"फुलासारखी म्हणजे फुलासारखी! मी काय फुलांची हजेरी घेत फिरते का?"

मग बूटवाल्याला हाक मारली. त्याने प्रत्येक बाटली मनापासून हुंगली. आयुष्य गोंदात गेलेला माणूस तो. त्याला पहिल्या बाटलीत गोंद आला, दुसरीत कातडं, तिसरीत पुन्हा गोंद. एका बाटलीपाशी तो बराच वेळ थांबला आणि छातीठोकपणे म्हणाला, "हे मात्र कातडं नाही."

एवढ्या माहितीवर अत्तरवाल्यांनी डोळे मिटले आणि हाताला सोडून दिलं. हाताने कधी किती कललं पाहिजे हे त्या हाताला पाठ होतं. कुठल्या बाटलीतून, हे तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते वकिलीणबाईंच्या घरी गेले. बैठकीत खुर्चीच्या पाठीवर कोट लावून ठेवला होता, जणू साहेब आत तोंड धुवायला गेलेत. बाईंनी बूच काढलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच."

अत्तरवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला. नाक गेलं तरी कसब गेलं नाही! ते खुर्चीत ऐसपैस बसले. बाईंनी चहासाठी दूध तापत ठेवलं आणि समोर येऊन बसल्या. साहेबांच्या हुज्जतीच्या गोष्टी निघाल्या. एकदा बाटलीवरच्या बुचाचे पैसे का द्यायचे यावर त्यांनी अर्धा तास युक्तिवाद केला होता. दोघं हसले. बोलता बोलता अत्तरवाल्यांची नजर वर गेली.

"छताशी धूर कसला आहे?"

दोघं धावले. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, पातेल्याचा कोळसा झाला होता. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि पातेलं फडक्याने उचलून वळले.

"तुम्हाला वास नाही आला?" दोघांनी एकदमच विचारलं.



"मला ताप येऊन गेला तेव्हापासून," बाई हळूच म्हणाल्या.

"मलाही."

बाईंनी बैठकीतल्या बाटलीकडे बघितलं. "मग ते काय आहे?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

वकिलीणबाई ओट्याला टेकल्या आणि हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि मग तो तिथून काढेनात. अत्तरवाले हातात जळकं पातेलं घेऊन उभे राहिले. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"मला वाटलं होतं, बाकी काही नाही तरी हा एक वास येईल," त्या म्हणाल्या.

"मग हेच, हेच, असं का म्हणालात?"

"तुम्ही इतक्या आशेने बघत होतात."

त्यांनी बाटली परत मागितली, पण बाईंनी दिली नाही.

पुढे बाजाराचं जे व्हायचं ते झालं. साबणवाले, रंगवाले, दारूवाले, इतकंच काय, लग्नपत्रिका छापणारेसुद्धा सॅनिटायझर करू लागले. 'अनुभवी नाकाची हमी' आधी अर्ध्या किमतीत आली, मग पिठाच्या पिशवीबरोबर फुकट. मेहुणा हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात निघून गेला. भागीदारीची वाटणी त्याने चोख केली, म्हणजे कल्पना त्याच्या नावावर आणि कर्ज भाऊजींच्या. घरी हप्त्याच्या विचाराने अत्तरवाल्यांच्या नाकी नऊ आले, तेही वास न येणाऱ्या नाकी.

बूटवाल्याचं मात्र फळफळलं. लोक बाहेर पडू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की घरात चपला घालून पाय पसरलेत, जुना एकही बूट चढत नाही. त्याने आपलं दुकान परत घेतलं. अत्तरवाले भीत भीत चहाला गेले तेव्हा या खेपेला तेच न बसता उभे राहिले.

"बस रे," बूटवाला म्हणाला. "नाटकं करू नकोस."

आणि एका दुपारी वकीलसाहेबांचा मुलगा दुकानात आला. "तुम्ही आईला दिलंत ते बाबांचं नाही," तो म्हणाला. "बाबांचं मी झोपेतही ओळखेन."

अत्तरवाले माफी मागायला लागले.

"अहो, ऐका तर. बायकोला ते फार आवडलंय. तिच्या ऑफिसात सगळ्याजणी विचारतायत. सहा बाटल्या मिळतील?"

त्यांनी दिल्या. वरची फळी, डावीकडून दुसरी, मग मधल्या फळीच्या टोकाची, मग ती कातडं नसलेली. त्या दिवसापासून फळीला कुणी हात लावायचा नाही, धूळसुद्धा पुसायची नाही, असा हुकूम निघाला. सहाच्या साठ झाल्या. गिऱ्हाइकं नाव विचारू लागली तेव्हा बायकोने गल्ल्यावरूनच सांगून टाकलं, "अंदाज." लोकांना ते फारच काव्यमय वाटलं. कर्जाचे हप्ते जाऊ लागले.

नाक परत आलं ते चोरपावलांनी. आधी चहाला रबराचा वास, मग साबणाला चहाचा. मग एका सकाळी दुकान उघडताना कातडं आणि गोंद असा झणझणीत वास भिंतीपलीकडून आला, आणि अत्तरवाले रस्त्यातच उभे राहून तो ओढत राहिले. आत जाऊन त्यांनी अधीरपणे 'अंदाज'चं बूच काढलं.

लिंबू आणि तंबाखू एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि मागून स्वस्त गुलाब दात काढून हसतोय.

"हे मी विकतोय?" ते किंचाळले. "माणसांच्या अंगावर?"

बायकोने त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. क्षणभर तिचे डोळे भरून आले. आनंदाने की पुढच्या जेवणांच्या काळजीने, ते तिने सांगितलं नाही. "हळू बोला," ती म्हणाली. "बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

त्या रात्री नव्हे, घाईने नव्हे, चांगले चार दिवस खपून त्यांनी वकीलसाहेबांचं खरं मिश्रण केलं आणि बाईंकडे नेलं. बाईंचं नाक अजून आलं नव्हतं. बाईंनी बाटली हुंगली.

"काही नाही," या वेळी त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे."

त्यांनी कोटाच्या कॉलरला दोन थेंब लावले आणि कॉलर नीट केली. अत्तरवाल्यांना तो वास आला, आणि साहेब आता बुचाच्या पैशांवरून काहीतरी बोलतील असं वाटून ते उगाचच सावरून बसले.

"सुनेला सांगू नका हं," बाई म्हणाल्या. "तिला ते दुसरंच आवडतं."

"सगळ्यांनाच," अत्तरवाले म्हणाले आणि दुकान उघडायला निघाले. पायरीवर तिघीजणी आधीच उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने मैत्रिणीच्या बाटलीतला 'अंदाज' लावलेलं मनगट पुढे केलं आणि विचारलं, "मला शोभेल हे?" त्यांनी वास घेतला, कुलपात किल्ली घातली आणि म्हणाले, "तुम्हाला शोभेल."